सात नंबरची टोपी

भद्रकाली, नाशिक
ता. ८ जानेवारी १९३४

गोरक्ष मास्तर यांस हारुन टोपीवाल्याचा सलाम, विनंती विशेष.

परवा तुला चांदवडच्या मोटारीत बसवून दिलं आणि दुकानात येऊन बसलो, तर हात चालेना. ईद आठ-नऊ दिवसांवर आली आहे. सगळ्या गल्लीची डोकी माझ्या दारात टोपी मागायला उभी, आणि माझ्या डोक्यात तुझा खोकला. मोटार सुरू झाली तरी खिडकीतून तो ऐकू येत होता.

दवाखान्यात मी हसत होतो ते तुझ्यासाठी. डॉक्टरसाहेब तुझी छाती तपासून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तुम्हीपण खोकताय, तुमचीही थुंकी बाटलीत द्या." तेव्हा मला खरं म्हणजे बरंच वाटलं. तुला एकट्याला परीक्षेला बसवण्यापेक्षा दोघं बसलेले बरे. माझा खोकला काय, लोकरीचा आहे. टोप्या घासायच्या म्हटल्यावर तंतू नाकातोंडात जायचेच. माझ्या बापालाही होता.

त्या डॉक्टरांची रीत मात्र मला पटली नाही. रोग्याचा निकाल रोग्याला कळवायचा नाही, त्याच्या जवळच्या माणसाला कळवायचा, म्हणजे रोगी खचत नाही म्हणे. कंपाउंडर गोटीरामनं वही पुढे करून विचारलं, जवळचा माणूस कोण, तर तू माझं नाव सांगितलंस आणि मी तुझं. रोशनबीला आणि चंद्रभागावहिनींना हे कळलं तर दोघी मिळून आपल्या टोप्या उडवतील. असो. तुझी चिठ्ठी माझ्या घरी येणार, माझी तुझ्या घरी. आठवड्याभरात पोस्टानं येतील म्हणाला.

आता या पत्रातली टोपी. बहिरू मास्तर वर्गात म्हणाले होते, "हातचा एक घे," आणि मी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. मारायला उठलेले मास्तर हसत खाली बसले. तेव्हापासून आपला नेम आहे, पत्र लिहायचं तर त्यात टोपीचं एक गणित हवंच. तो आजारपणासाठी मोडायचा नाही.

देवळाली कँपातला एक साहेब त्याची हॅट सैल करून घ्यायला आला होता. आत नंबर लिहिलेला सात. मी फीत लावली तर डोकं भरलं बावीस इंच. बावीसचे सात कसे झाले म्हणून विचारलं, तर म्हणतो, घेराला पायनं भाग. हा पाय तुमच्या भूमितीतला, बावीस सप्तमांश. म्हणजे बघ मास्तर, साहेबाचं डोकं केवढंही असो, पायाशी आल्याशिवाय त्याला टोपी मिळत नाही. तुझं डोकं बावीस इंच, माझंही बावीस. आपण दोघं सात नंबरची माणसं.

दूध पी. शाळेत ओरडून शिकवू नकोस. माझं मन थाऱ्यावर नाही, लवकर लिही.

तुझा
हारुन


चांदवड
ता. १३ जानेवारी १९३४

हारुनमियाँ, तुझ्या डोक्याला माझा नमस्कार. पायांचं तू मागच्याच पत्रात आटोपलंस.

उद्या संक्रांत. तिळगूळ सोबतच्या पुडीत आहे, रोजा सोडल्यावर खा. रोशनभाभींना आणि छोट्या जहिदाला दे.

खोकला आहे तसाच. पाढे म्हणताना मुलांना आता माझ्या खोकल्याची इतकी सवय झाली आहे की सतरा पाचे म्हणून थांबतात, माझं खोकून झालं की पंच्याऐंशी म्हणतात. मी हसतो, पण ते हसू आतपर्यंत जात नाही. तुझी चिठ्ठी अजून आलेली नाही.

हारुन, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माझा थोरला भाऊ छातीनंच गेला, तुला ठाऊक आहे. त्याला शेवटपर्यंत कोणी काही सांगितलं नव्हतं. सगळं घर त्याच्या खोलीत जाऊन हसायचं आणि पडवीत येऊन रडायचं. जायच्या आदल्या दिवशी त्यानं मला विचारलं, "गोरक्ष, तुम्ही सगळे एवढे आनंदात का आहात रे?" ते मी विसरलेलो नाही. माझं तसं करू नकोस. चिठ्ठीत काय असेल ते पत्राच्या पहिल्या ओळीत लिही. मला मरणाची भीती वाटते, ते कबूल करतो. पण माणसं समोर हसत बसतात त्याची त्याहून जास्त वाटते.

आता माझी टोपी. परवा वर्गात कंस शिकवला. मुलांना म्हटलं, कंस म्हणजे आडवी पडलेली टोपी. आत जे बसले आहेत त्यांना झाकून ठेवते. टोपीआधी अधिक असेल तर ती खुशाल काढा, आतले जसेच्या तसे राहतात. पण टोपीआधी उणे असेल, तर टोपी काढताक्षणी आतल्या प्रत्येकाचं चिन्ह बदलतं. अधिक होता तो उणे, उणे होता तो अधिक. मागच्या बाकावरून आवाज आला, "मग गुरुजी, काढायचीच कशाला?"

पहिल्या ओळीत लिही.

तुझा
गोरक्ष


चांदवड
ता. १७ जानेवारी १९३४

हारुन, अधिक.

मी पहिल्या ओळीत लिहिलं, तूही तसंच लिही. आत्ता टपालात तुझी चिठ्ठी आली. छापील कागद, इंग्रजीत तुझं नाव, वय तेहतीस, पुढे 'स्पुटम' असा शब्द, म्हणजे थुंकीच असणार, आणि त्याच्यापुढे लाल शाईत ठसठशीत अधिकचं चिन्ह. बाकी एक अक्षर नाही. बहिरू मास्तर पाटीवर बरोबर गणिताला असंच अधिक काढायचे आणि चुकलेल्याला उणे. मी अजून तेच करतो. तेव्हा मियाँ, तू पास झालास, आणि तेही लाल शाईत. तुझा खोकला लोकरीचाच होता.

चंद्रभागेला सांगितलं तर तिनं माझ्या हातावर साखर ठेवली. पत्र पोचेपर्यंत ईद होऊन गेलेली असेल, तरी मुबारक. हे पत्र भाभींना वाचून दाखव, त्यांचा जीव भांड्यात पडेल.

टोपी घे. अपूर्णांकात छेद म्हणजे माणूस आणि अंश म्हणजे त्याच्या डोक्यावरची टोपी. टोपी माणसापेक्षा मोठी झाली की त्याला अंशाधिक म्हणतात. आज तुझ्या डोक्यावर अधिक आहे, तेव्हा तूही अंशाधिक. फार फुगू नकोस, नाहीतर बावीस इंचात मावायचा नाहीस.

आता माझं कळव. माझीही एव्हाना आली असेल.

तुझा
गोरक्ष


भद्रकाली, नाशिक
ता. २७ जानेवारी १९३४

प्रिय गोरक्ष,

तुझं पत्र मिळालं. सगळ्यांना आनंद झाला. ईद चांगली झाली, टोप्या सगळ्या खपल्या. उत्तराला उशीर झाला, कामात होतो.

तुझी चिठ्ठी अजून आलेली नाही. गोटीराम सुट्टीवर गेला असेल. अशा कामांत दिरंगाई व्हायचीच, तू मनाला लावून घेऊ नकोस.

दूध पितोस ना? दोन्ही वेळा पीत जा. अंडं तुमच्या घरात चालत नाही, ठाऊक आहे, पण औषध म्हणून घ्यायला हरकत नसावी. शाळेतून दोन-तीन महिन्यांची रजा मिळते का? सहज विचारतो. देवळालीच्या हवेची लोक फार तारीफ करतात. मुंबईहून माणसं येऊन राहतात आणि गुबगुबीत होऊन परत जातात म्हणे. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

सोबत लोकरीची कानटोपी पाठवली आहे. डोक्याचं माप पुन्हा घेऊन कळव, आजारात डोकं, म्हणजे थंडीत डोकं थोडं आकसतं. सहजच.

रोशनबी रोज तुझी विचारपूस करते.

तुझा
हारुन


चांदवड
ता. २ फेब्रुवारी १९३४

प्रिय हारुन,

कानटोपी आली. पण पत्रात टोपी नव्हती.

मी पत्र चार वेळा वाचलं. आधी वाटलं, एखादं पान पाकिटात राहिलं असेल. पाकीट फाडून उलगडून पाहिलं. 'सहज' हा शब्द तू तीनदा लिहिला आहेस, आणि तू सहज काही लिहीत नाहीस. टाका घालतानासुद्धा तू आधी मोजतोस.

बहिरू मास्तरांचं दोन टोप्यांचं कोडं आठवतं? तुला ते कधी सुटलं नाही, म्हणून पुन्हा सांगतो. राजा दोन माणसांना समोरासमोर बसवतो आणि त्यांच्या डोक्यांवर टोप्या ठेवतो. सांगतो एवढंच, की दोघांत निदान एक तरी काळी आहे. आपली टोपी आपल्याला दिसत नाही, समोरच्याची दिसते. आता समोरच्याला माझी पांढरी दिसली असती, तर तो ताबडतोब म्हणाला असता, काळी माझीच. पण तो गप्प बसला. म्हणजे माझी त्याला काळी दिसते आहे. मास्तर म्हणायचे, समोरच्याच्या गप्प बसण्यावरून आपल्या डोक्यावर काय आहे ते ओळखायचं.

तू दहा दिवस गप्प बसलास, हारुन. नंतर बोललास ते अंड्याबद्दल.

मी पोरांना पिंपळगावला आजोळी पाठवून दिलं. ताट-वाटी वेगळी केली. पडवीत झोपतो. चंद्रभागेला परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत असं सांगितलं. तिला ते पटलं की नाही, समजत नाही. शाळेत पहिल्या बाकावरच्या मुलांना मागे बसवलं. दिवसभर रुमालाकडे बघत असतो, लाल दिसतं का ते. अजून दिसलं नाही, पण त्यानं धीर येत नाही.

मी तुझ्यावर रागावलेलो नाही. पण सांग. माझ्या डोक्यावर काय आहे ते सगळ्या जगात तुलाच दिसतं आहे.

तुझा
गोरक्ष


चांदवड
ता. १२ फेब्रुवारी १९३४

हारुनभाऊंस चंद्रभागेचा नमस्कार.

मला जोडाक्षरं नीट येत नाय, समजून वाचा. मी पत्र लिवलं हे मास्तरांना ठाव नाय.

मास्तर पडवीत निजत्यात. ताट येगळं मांडत्यात, सवता घासत्यात. पोरं माझ्या आईकडं पिंपळगावला धाडली. इचारलं तर म्हनत्यात पेपर तपासायचे हाईत, शांतता पायजे. फेब्रुवारीत कसले पेपर. मी अडाणी हाय, पण येवढी नाय. तुमचं पत्र आलं की आधी मला टोपीचं वाचून दावायचे. मला निम्मं कळायचं नाय तरी मी हसायची, कारण ते लय हसायचे. आता पत्र खिशात ठेवत्यात.

थोरले भावजी गेले तवा मी नवी नवरी होते. सासूबाईंनी मला आत पाठवलं की हस म्हनायच्या, भायेर आले की पदर तोंडात कोंबायला लावायच्या. त्ये मला पुन्यांदा करायला लावू नका. चिठ्ठीत काय हाय ते मास्तरांना लिवा. मला ते सांगतील तवा सांगतील, नाय सांगितलं तरी मला कळंल.

आनिक एक. मागल्या टायमाला तुम्ही हितं आला तवा गळ्याशी गुंडी लावूनबी आत दोन बोटं जात होती. रोशनभाभींना म्हनावं भाऊंकडं बघा. चिठ्ठी चांगली आली म्हनून बघायचं सोडू नका.

चंद्रभागा


भद्रकाली, नाशिक
ता. १८ फेब्रुवारी १९३४

गोरक्ष, उणे.

पहिल्या ओळीत लिहायला महिना लावला. माफ कर म्हणणार नाही, तू करशील आणि मला आणखी लाज वाटेल.

चिठ्ठी सोळा जानेवारीला आली, ईदेच्या आदल्या दिवशी. तुझं नाव, तुझं वय, तोच इंग्रजी शब्द आणि पुढे लाल शाईत आडवी रेघ. मी ती उजेडात धरून पाहिली, उभी रेघ पुसली गेली असेल म्हणून. नव्हती. दुकानात डोकी मापायला रांग लागली होती, मी कागद तुझ्या मापाच्या लाकडी ठोकळ्याखाली सरकवला आणि टोप्या विकत बसलो. दोन दिवसांनी तुझं 'अधिक'चं पत्र आलं. तुझ्या अक्षरातला आनंद बघून मला दुकानातच रडू आलं. गिऱ्हाईकाला सांगितलं, लोकर गेली डोळ्यात.

मी नमाजेत विचारलं, दोघांची डोकी एका मापाची दिलीस, दोघांना एकाच मास्तरांचा मार दिलास, मग चिन्हं वेगळी का?

आता ऐक. देवळालीच्या सॅनिटोरियममध्ये जाऊन आलो. खाट एक एप्रिलपासून मिळेल, तुझं नाव लिहून ठेवलं आहे. वऱ्हांडा पूर्वेला आहे, सकाळचं ऊन येतं. नाही म्हणायचं नाही. वहिनींना आमच्या घरी ठेव, रोशनबीनं खोली लावून ठेवली. मी रोज संध्याकाळी तुझ्याजवळ येऊन बसेन. दुसरे घाबरतील, मला कसली भीती, माझी चिठ्ठी अधिकची आहे.

इथे तसं ठीक. माझा खोकला वाढला म्हणून रोशनबी मध्ये घाबरली होती. तिला तुझं सतरा तारखेचं पत्र पुन्हा वाचून दाखवलं. ते आता दुकानातल्या भिंतीला खिळ्यावर लावून ठेवलं आहे. अंगरखा सैल झाला आहे खरा, पण तुझ्या काळजीनं जेवण जात नाही, दुसरं काय. जहिदा आत्ता माझ्या मांडीवर झोपली आहे म्हणून अक्षर वाकडं आलं.

टोपी शोधत होतो, पत्र तिच्यावाचून पाठवायचं नव्हतं. सापडली ती अशी. तुझं-माझं माप एकच, म्हणून तुझी टोपी शिवली की मी आधी माझ्या डोक्यावर बसवून बघतो. बावीस वर्षं अशीच बसवतो आहे. ही काळी टोपीही मलाच बसली असती, तर किती बरं झालं असतं.

हिंमत धर.

तुझा
हारुन


पंचवटी, नाशिक
ता. ८ मार्च १९३४

हारुन,

पत्र नाशिकचं बघून दचकू नकोस. धर्मशाळेत बसून लिहितो आहे. उद्या सकाळच्या टपालात तुला मिळेल. पूर्ण वाचल्याशिवाय उठू नकोस, आणि वाचताना जहिदाला मांडीवर घेऊ नकोस.

तुझं पत्र आल्यावर मी पंधरा दिवस काही लिहिलं नाही. काय लिहिणार? चंद्रभागेला सांगितलं, ती फक्त म्हणाली, "बरं झालं तुम्ही सांगितलंत." मग मी ठरवलं, एकदा डॉक्टरांना आपण होऊन भेटायचं आणि हातात वेळ किती आहे ते विचारायचं. पोरांच्या दृष्टीनं ते कळायला हवं होतं. आज सकाळच्या मोटारीनं आलो. तुला सांगितलं असतं तर तू बरोबर आला असतास आणि डॉक्टरांना डोळे मिचकावले असतेस.

डॉक्टरांनी वही काढली, माझं नाव शोधलं. म्हणाले, "तुमचं निगेटिव्ह आहे." मी म्हटलं, "हो, उणे आहे ते कळलं. वेळ किती आहे तेवढं सांगा." त्यांनी वही माझ्यापुढे फिरवली. मग म्हणाले, "मास्तर, उणे म्हणजे जंतू सापडले नाहीत. तुम्हाला क्षय नाही. खडूची धूळ आणि जुना खोकला, काढा घ्या."

मला घाम फुटला. टोपी काढून कपाळ पुसलं. माझा आनंद टिकला तो एवढाच, टोपी काढून घाम पुसेपर्यंत. ती परत डोक्यावर ठेवायच्या आधी मी विचारलं, "आणि अधिक म्हणजे?"

त्यांनी पान उलटलं. म्हणाले, "तुमचे मित्र अजून आले नाहीत. तुम्ही त्यांना कळवलंत ना?"

कळवलं, हारुन. लाल शाईत पास झालास म्हणून कळवलं. साखर खाल्ली. तू ते भिंतीवर लावलंस.

बहिरू मास्तरांची पाटी मी तेहतीस वर्षांचा होऊन दवाखान्याच्या कागदावर ठेवली. जन्मभर पोरांच्या चिन्हांच्या चुका काढल्या, आणि मला चिन्ह वाचता आलं नाही. तुलाही आलं नाही, पण तुझा तो धंदा नाही, माझा आहे. टोपी घालायचा धंदा तुझा, पण दोन महिने टोपी मी घातली तुला. कंसाबाहेर उणे होतं. आज टोपी काढली आणि आतल्या आपल्या दोघांची चिन्हं बदलली.

तिथून तडक तुझ्या दुकानाकडे आलो. समोर उभा राहिलो. तू साच्यावरून टोपी उतरवत होतास, जहिदा तुझ्या पाठीला लोंबकळत होती, तुझा खोकला रस्त्यापर्यंत येत होता. तुझी मान केवढीशी झाली आहे रे. चंद्रभागेनं ते दोन बोटांनी मोजून मला सांगितलंही होतं, मला मात्र दिसलं नाही, कारण माझ्या खिशात तुझं अधिक होतं. मला उंबरा ओलांडवला नाही. परत फिरलो. माझ्या भावाच्या खोलीत जाऊन जे हसत होते, त्यांच्यापेक्षा मी काय वेगळा?

आता एवढं कर. ते पत्र भिंतीवरून काढ. ताट वेगळं कर, जहिदाला लांब ठेव. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला आहे, पण फार झालेला नाही. खाट आहेच. तिच्यावर नाव माझं आहे, पण ती तुझी आहे.

उद्या जुम्म्याची नमाज झाली की दुकानावर येतो. आज आलो नाही, त्याबद्दल काय म्हणशील ते म्हण.

गोरक्ष


भद्रकाली, नाशिक
ता. ९ मार्च १९३४

गोरक्ष मास्तर यांस हारुन टोपीवाल्याचा सलाम.

तुझं पत्र सकाळी मिळालं. पण मला कालच कळलं होतं.

साच्यावरून टोपी उतरवताना मान वर केली, तर समोर तू. भर बाजारात, बोडक्या डोक्यानं, टोपी हातात धरून. तुला मी आजवर रस्त्यात बिनटोपीचा पाहिलेला नाही. हाक मारायला तोंड उघडलं आणि थांबलो. तुमच्यात घरचं माणूस गेल्याशिवाय कोणी असं बोडक्यानं हिंडत नाही. मनात म्हटलं, यानं कोणाचं सुतक धरलं आहे? पोरं पिंपळगावला आहेत, वहिनींचं काही असतं तर तू इथे नसतास, आणि तू तर आपल्या पायांवर उभा. बघत होतास ते माझ्याकडे. माझं चांगलं असतं तर तू एका ढांगेत आत आला असतास. तू गप्प उभा राहिलास आणि गेलास. दोन टोप्यांचं कोडं मला बावीस वर्षांत पहिल्यांदा सुटलं.

पत्र काल संध्याकाळीच भिंतीवरून काढलं. रोशनबीला बसवून सांगितलं. ती खूप रडली, मग उठून तिनं माझ्यासाठी वेगळं ताट काढलं. आज जहिदा माझ्या बहिणीकडे, मेहरुन्निसाकडे मालेगावला जाते आहे. तिला जवळ न घेता निरोप द्यायचा आहे, ते गणित अजून जमलेलं नाही. वहिनींना म्हणावं, त्यांची दोन बोटं आमच्या डॉक्टरांपेक्षा हुशार.

मला भीती वाटते गोरक्ष. तुझ्यापाशी लपवून काय करू? रात्रभर वाटत होतं, तुझ्या बदली मागितली ती काळी टोपी बरोबर माझ्या मापाची निघाली. पण एक खरं सांगू? तुझं उणे वाचून महिनाभर जे वाटत होतं, त्यापेक्षा हे हलकं आहे.

तू चिन्हाची चूक केलीस म्हणून रडतोस. अरे, चिन्ह चुकलं, आकडा तर नाही चुकला. अधिक सात काय आणि उणे सात काय, टोपी सात नंबरचीच बसते. सॅनिटोरियममध्ये खाटेवरचं नाव बदलायला तू माझ्याबरोबर चल. का बदललं विचारलं तर सांगू, माप एकच आहे.

ही चिठ्ठी रोशनबीच्या भावाच्या, इसाकच्या हाती पाठवतो आहे. नमाजेपर्यंत थांबू नकोस, आत्ताच ये. उंबऱ्याबाहेर खुर्ची मांडून ठेवली आहे, तिथे बस.

आणि टोपी डोक्यावर घालून ये. मी अजून आहे.

तुझा
हारुन